तेल न पिणारं इंजिन

खंडेराव : …म्हणून सांगतो चंदर, डिझेल टाक. जास्ती इचार करू नको. इचार करणाऱ्याची गाडी गॅरेजातच गंजती.

चंदर : डिझेल जड हाय वस्ताद. पुढून दबंल.

खंडेराव : दबंल तर दबंल! पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवून देतो. मी कशाला बसलोय हितं?

मालनबाई : मिस्त्री, जरा सावकाश. एकेक सांगा, मी लिहून घेतेय. गाडीत बसलो की हा मला विचारणार, बाई, वस्ताद काय काय म्हणाले? आणि मी नर्स. मला इंजिनातलं काय कळतंय?

खंडेराव : तुमी कशाला तरास घेतला बाई? सुरगाण्याहून नाशिकला यायचं म्हंजी दिवस जातो.

मालनबाई : माझी जिल्हा परिषदेत मीटिंग होती. चंदर म्हणाला, गॅरेजला चला, लिहायला-वाचायला कोणी तरी पाहिजे. आणि खरं सांगू का, ही जीप म्हणजे आमच्या दवाखान्याचा पाय आहे. गेले आठ महिने ती याच्या पाड्यावर मोहाच्या झाडाखाली उभी होती, परवा ट्रॅक्टरने ओढून इथे आणली. आठ महिने आम्ही पेशंट झोळीत घालून बोरगावपर्यंत आणतोय. तेव्हा कुठलं इंजिन बसणार ते मलाही ऐकायचंय.

खंडेराव : मग ऐका. तीन रस्ते हायेत. एक, मॅटाडोरचं डिझेल इंजिन. ते भिंतीकडं ठेवलंय बघा, ताडपत्रीखाली. चढणीला हळू चालंल, पण बैलासारखं चालंल. डिझेल पेट्रोलपेक्षा किती सस्त हाय ते तुमाला ठावं.

मालनबाई : एक, मॅटाडोर डिझेल. जड. हळू. दुसरं?

खंडेराव : दुसरं, मिलिट्री डिस्पोजलचं पेट्रोल इंजिन. लिलावात निघतंय. पण त्याची वाट बघायची. कधी महिना, कधी सहा महिने. मिळालं तर पेटीबंद, ग्रीस माखलेलं, नवं कोरं.

चंदर : गेल्या सालच्या शिमग्याला टाकलं तसलंच.

खंडेराव : हां… तसलंच.

मालनबाई : आणि तिसरं?

खंडेराव : तिसरं काय धरू नका. तिसरं म्हंजी हेच इंजिन खोलून बोअर मारायचं, नवे पिस्टन टाकायचे. पण त्यात काय राम नाय ऱ्हायला. मी सकाळीच काढून चेनकप्पीला टांगलंय. भंगारवाला दोन वाजता टेम्पो घेऊन येणार हाय.

चंदर : मी यायच्या आधीच काढलं?

खंडेराव : तुझा येळ वाचावा म्हणून! काय वाईट केलं का?

चंदर : नाय. पण वस्ताद, हे तिसरंच मला बरं वाटतंय.

खंडेराव : आता ह्याला काय म्हणावं!

चंदर : हे इंजिन नवं व्हतं. शिमग्याला बसवलं अन् भादव्यात बसलं. पाच-सहा महिनेच चाललं. नवं इंजिन एकदा जाम झालं म्हणून भंगारात कशाला घालायचं? बोअर मारून होईल. तुमीच शिकवलं, ब्लॉक चांगला असला तर तीन बारी बोअर मारता येतो.

खंडेराव : ब्लॉकला चीर गेलीय.

चंदर : कुठं?

खंडेराव : हाय मागल्या अंगाला. एवढं तापल्यावर जाणार नाय का?

चंदर : बघतो मी. रॉकेल कुठंय?

खंडेराव : अरे, कपडे घाण करशील. बस, चहा सांगतो.

चंदर : कपड्याचं काय वस्ताद. नऊ वरीस याच ओट्यावर इंजिनं धुतली मी. तुमच्या हातात पाने दिले. आता मालक झालो म्हणून काय हात धुऊन बसू?

खंडेराव : म्हंजी वस्तादावर इश्वास नाय?

चंदर : असं बोलू नका. गेल्या बारीला तुमी इंजिन बदललं तवा जुनं दाखवा म्हणून मी मागितलं का? नाय मागितलं. तुमीच शिकवलं व्हतं, बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, मग पैशाचं बोलायचं. दुसरा मिस्त्री असता तर मी मागितला असता. तुमच्याकडं काय मागायचं? लाज वाटली मला.

खंडेराव : …धू मग. तुझं समाधान कर.

मालनबाई : मिस्त्री, तोवर एक विचारू? हे गाडीचं पुस्तक. यात इंजिनाचा नंबर लिहिलाय. तारीख पाहिली तर एकोणऐंशी सालची. गेल्या वर्षी इंजिन बदललं तर पुस्तकात नवा नंबर का चढला नाही?

खंडेराव : ते आरटीओचं काम असतंय बाई. एजंटाला सांगितलं व्हतं. ऱ्हायलं.

मालनबाई : वर्षभर राहिलं?

खंडेराव : तुमच्या दवाखान्यात काय काय ऱ्हातंय ते मी इचारतो का?

मालनबाई : विचारा ना. आमच्याकडे राहिलं तर माणूस जातो, म्हणून आम्ही लिहून ठेवतो. इंजिनावर नंबर कुठे असतो?

खंडेराव : ह्या अंगाला. पण रंग बसलाय त्याच्यावर. दिसायचा नाय.

मालनबाई : केवढा जाड रंग दिलाय! नंबर बुजेपर्यंत.

खंडेराव : मिलिट्रीवाले देतात तसा.

मालनबाई : पण हा निळा आहे.

खंडेराव : बाई, तुमी इंजिक्शन द्या. रंगाचं आमच्यावर सोडा.

मालनबाई : सोडते. चंदर, सापडली का चीर? …चंदर? अरे, हात का थांबला तुझा?

(चंदर इंजिनाच्या मागच्या बाजूचा रंग पान्याच्या टोकाने खरवडतो आहे.)

चंदर : बाई, जरा हिकडं या. हे वाचा.

मालनबाई : काय आहे? पत्र्याची चकती दिसतेय. नाही, पितळेची आहे. थांब, चष्मा लावते. अक्षरं कोरलीत रे याच्यावर. टिंब टिंब काढून, भांड्यावर नाव घालतात तशी. व… चं… गावित. व. चं. गावित.

चंदर : वत्सला चंदर गावित.

मालनबाई : तुझ्या बायकोचं नाव इंजिनावर?

चंदर : तिच्या कुंकवाच्या डबीचं झाकण हाय ते. वणीच्या जत्रेत घेतली व्हती डबी. थितंच नाव घालून घेतलं.

मालनबाई : ते इथे कसं आलं?

चंदर : ब्लॉकला पाण्याची भोकं असतात बाई. त्याच्यावर पत्र्याच्या टिकल्या ठोकलेल्या असतात. चार सालाखाली बोरगावच्या चढणीला मागली टिकली निखळली. सगळं पाणी गेलं. पाऊस व्हता, गाडीत माणसं व्हती. वत्सलाच्या पिशवीत डबी व्हती. झाकण बरोबर मापाचं निघालं. सफेदा लावला, सुताचा दोरा गुंडाळला, दगडानं ठोकून बसवलं. जुन्या इंजिनाला.

मालनबाई : जुन्या?

चंदर : जुन्या. जे गेल्या सालच्या शिमग्याला वस्तादानं काढून टाकलं, त्या.

खंडेराव : तू… तू मला हे कधी सांगितलं नाय.

चंदर : सांगितलं असतं तर रागावला असता. गावठी काम केलं म्हणला असता. म्हणून नाय सांगितलं. सेल्फच्या मागं येतंय, गाडीत बसवल्यावर दिसत नाय. चाललं तर चालू दिलं.

मालनबाई : म्हणजे मिस्त्री, तुम्ही इंजिन बदललंच नव्हतं.

खंडेराव : बाई, तुमी मधी पडू नका.

मालनबाई : रंग दिलात आणि तेच परत बसवलंत.

खंडेराव : रिंगा नव्या टाकल्या व्हत्या! व्हॉल घासले व्हते! नुसता रंग नाय दिला. आईची आन.

चंदर : तुमी म्हणाला व्हता, चंदर, हे नवं इंजिन हाय, हे तेल पिणार नाय.

खंडेराव : चंदर, ऐक माझं…

चंदर : जुनं तेल प्यायचं. मला ठावं व्हतं. डबा जवळ ठेवायचो मी. वणीला पाजायचो, परतताना बोरगावला पाजायचो. तुमी तो डबा मागल्या शीटाखालून काढला अन् फेकून दिला. हसला तुमी. म्हणला, आता ह्या बाळाला दूध तोडलंय. म्हणून मी रस्त्यात पाजलं नाय. सकाळी बघायचो, तेलाचं गेज भरलेलं असायचं, निघायचो.

मालनबाई : इंजिन बसलं त्या दिवशीही त्याने पाहिलं होतं. मी उभी होते तिथे. याच्या भावजयीला, कुसाला, आम्ही खाटेवरून उचलत होतो आणि हा गेज काढून फडक्याने पुसत होता. मी ओरडलेसुद्धा, अरे, बाई अडलीय आणि तू काय पुसत बसलास?

खंडेराव : मग तवा का नाय बोलला तुमी? पाड्यावर सगळे व्हते.

मालनबाई : नाही बोलले. तुम्ही तिसऱ्या दिवशी एसटीने आलात, सगळ्यांसमोर गेज ओढून दाखवलंत, कोरडं होतं. म्हणालात, डायवरने तेल बघितलं नाही. मला वाटलं, इंजिनातलं या माणसाला कळतं, मला नाही. मीच काही तरी चुकीचं पाहिलं असेल. त्याची शरम मला आहे. तुमची तुमच्याजवळ ठेवा.

चंदर : बाई, तुमी नका वाईट वाटून घेऊ. मीसुदिक मानलं. वस्ताद म्हणला तर आपलंच चुकलं असंल. आठ महिने मी रोज सकाळ आठवतोय. पुसलं का नाय पुसलं? भरलेलं व्हतं का मला तसं वाटलं? कधी वाटायचं, मी गेज काढलंच नाय. मालनबाई, मला येड लागायची पाळी आली व्हती.

खंडेराव : मला काय ठावं गाडीत अडलेली बाई असंल? चंदर, मला काय सपान पडलं व्हतं?

चंदर : जीपमधी काय भरतात सुरगाण्याला, तुमाला ठावं नाय? लगनाचे, बाजाराचे, निफाडला द्राक्षाच्या बागंत कामाला जाणारे. न् अडलेल्या बायका. कुसा माझ्या धाकट्या भावाची बायको. पुंज्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला व्हता. इंजिन खटकलं, मी म्हणलो, काय नाय, नवं हाय. मीच म्हणलो. त्याला धीर द्यायला. अन् मग ते बसलं, ते बसलंच.

मालनबाई : पोर पायाळू होतं. सिव्हिलला पोचलो असतो तर दोघी वाचल्या असत्या. मी जीपमध्ये काय करणार? बाई वाचली, पोरगी रडलीच नाही.

चंदर : तवापासून पुंज्या माझ्याशी बोलत नाय. चूल येगळी केली. माझ्या दारावरनं जात नाय, ओहळातनं जातो. लोकं म्हणतात, भावानं भावाचं पोर मारलं. आळसानं मारलं. अन् मला त्यांचा राग येत नव्हता वस्ताद. मला वाटायचं, खरंच बोलतात.

खंडेराव : …चहा पी जरा. गेणू हाटेलवाल्याला सांगतो.

चंदर : आमचं इंजिन कुठं गेलं?

खंडेराव : कुठलं?

चंदर : डिस्पोजलचं. पेटीतलं. मी बघितलं व्हतं हितं, ग्रीस माखलेलं. तुमी दाखवलं व्हतं. पुंज्या पण व्हता संगं. दोन हंगाम त्यानं निफाडला बागा छाटल्या त्याच्यासाठी. त्यानं हात फिरवला व्हता त्याच्यावर.

खंडेराव : …निफाडच्या बागाइतदाराच्या जीपला बसवलं.

चंदर : का?

खंडेराव : त्याची घाई व्हती. तोडणी चालू व्हती, माल मुंबईला निघायचा व्हता. त्याच्या चार गाड्या माझ्याकडं येतात चंदर. तो थांबला नसता. दुसऱ्याकडं गेला असता.

चंदर : अन् मी?

खंडेराव : तू काय… तू घरचा. म्हणलं, तू समजून घेशील. दोन महिन्यांत दुसरं इंजिन लिलावात मिळंल, गुपचूप बदलून देईन. तुला कळायचंसुदिक नाय. मिळालंच नाय रे. मग भादवा आला.

चंदर : घरचा म्हणून.

खंडेराव : हां. घरचा म्हणून.

चंदर : दर दसऱ्याला मी तुमच्या पान्यांच्या पूजेला नवे तांदूळ आणतो. गेल्या दसऱ्याला पण आणले. पोरगी जाऊन महिना झाला व्हता. पोतं खांद्यावर घेऊन एसटीनं आलो. तुमी पाया पडून घेतलं माझ्याकडनं.

खंडेराव : मला त्या दिवशी जेवण गेलं नाय चंदर.

चंदर : तांदूळ ठेवून घेतले पण.

मालनबाई : मिस्त्री, तुम्ही पाड्यावर कशाला आलात? गाडी नाशिकला ओढून आणा म्हणाला असतात. एसटीने एवढ्या लांब येऊन, पंचांसमोर गेज कशाला दाखवलंत?

खंडेराव : भ्यालो मी. पोर गेल्याचं कळलं अन् भ्यालो. दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं इंजिन खोललं असतं तर? म्हणलं, आधी जाऊन सांगावं, म्हंजी कुणी खोलणार नाय. एकदा डायवरची चूक ठरली की इंजिन कोण बघतंय?

चंदर : आज सकाळी पण त्याच्यासाठीच काढलं. भंगारवाला पण त्याच्यासाठीच.

खंडेराव : चंदर, हे बघ. हे डिझेल इंजिन मी तुला फुकट बसवतो. एक पैसा घेणार नाय. कमानी, बॅटरी, सगळं. आठ दिवसांत गाडी पाड्यावर पोचती करतो.

चंदर : नको.

खंडेराव : अरे, नवं हाय ते. खरंच नवं. ये, त्याच्या कागदावरचा नंबर बघ, इंजिनावरचा बघ, बाईंना वाचू दे.

चंदर : नंबर जुळंल. पण तुमी बसवलं तर चढणीला मी रस्ता बघणार नाय वस्ताद, कान लावून इंजिनच ऐकत बसंन. तसा डायवर माणसं मारतो.

खंडेराव : मग काय करू मी? सांग तू. तू सांगशील ते करतो.

चंदर : पाड्यावर चला. आत्ता चला. साडेतीनची सुरगाण्याची एसटी हाय. तवा आलात तसे या. पुंज्यासमोर उभं ऱ्हावा अन् सांगा, तेल बघितलं व्हतं. चंदरनं तेल बघितलं व्हतं. एवढंच. इंजिनाचं सांगू नका हवं तर. आमच्या लोकांत कुणी तुमाला हात लावणार नाय, मी आडवा उभा ऱ्हातो.

खंडेराव : माझ्यानं नाय व्हायचं ते.

चंदर : चार शबूद हायेत वस्ताद.

खंडेराव : नाय व्हायचं. विंचूरला सोयरे हायेत माझे, इथं गॅरेज हाय. उद्या गोष्ट खाली उतरली तर तोंड कुठं दाखवू? दुसरं काय बी माग.

चंदर : मग पेचकस द्या.

खंडेराव : कशाला?

चंदर : झाकण काढायचंय.

मालनबाई : दे, मी फडकं धरते खाली. हळू. कडेला वाकवू नकोस.

चंदर : वत्सला चार वरीस त्या डबीवर पळसाचं पान ठेवतीय. मी म्हणलो, दुसरी घेऊ. म्हणाली, गाडीत हाय ना माझं झाकण, असू दे. गाडी चालती तवर माझं कुंकू चालतंय. …निघालं. धरा बाई.

मालनबाई : किती गरम झालं असेल त्या दिवशी, काळं पडलंय. पण अक्षरं गेली नाहीत.

खंडेराव : चंदर, गाडीचं काय? बिन इंजिनाची गाडी कुठं नेशील?

चंदर : उद्या ट्रॅक्टर बांधून नेतो. बाई, वहीत तिन्ही लिहिलंय ना?

मालनबाई : लिहिलंय. एक, मॅटाडोर डिझेल, जड, हळू. दोन, डिस्पोजलचं पेट्रोल, वाट बघावी लागेल. तीन, जुन्यालाच बोअर. कुठलं ठरवलंस?

चंदर : मी नाय ठरवणार. पुंज्याला वाचून दाखवा. त्याचे पण दोन हंगाम गेलेत त्यात. तो म्हणंल ते घालू, दुसऱ्या मिस्त्रीकडं.

मालनबाई : तो ऐकून घेईल का? आठ महिने तोंड बघत नाहीये तुझं. तू म्हणशील, इंजिन जुनंच होतं, तर म्हणेल, आता मिस्त्रीवर ढकलतोय.

चंदर : बोलणारच नाय मी. हे झाकण त्याच्या हातात देईन.

मालनबाई : त्याला वाचता येत नाही रे.

चंदर : वाचायला कशाला लागतंय? मी नुसतं धरलं व्हतं बाई. दगड त्यानंच मारला व्हता.